आईच्या घंटेचा कायमचा पत्ता

३ तारीख, मंगळवार

भावोजींनी सांगितलं म्हणून ही वही. घरात काय बंद पडतं, केव्हा पडतं, पुन्हा केव्हा लागतं, एवढंच लिहायचं आहे. पण तीस वर्षं वर्तमानपत्राला वार्तापत्रं पाठवणाऱ्या माणसाच्या हाती वही दिली, तर तो एवढंच लिहून थांबेल, ही अपेक्षा इंजिनिअरच करू जाणे.

तर कालची हकिकत. दुपारी बाराच्या सुमारास वीज गेली, दहा मिनिटांत आली. मी वरच्या खोलीत सोमवारचं वार्तापत्र लिहीत होतो. ही शाळेत शिकवायला गेलेली. खाली आई. साडेबाराला फोनवर दिसलं की गॅलरीतला दिवा लागलाय. भर दुपारी. मी वरूनच, फोनवरूनच बंद केला. पुन्हा लागला. पुन्हा बंद केला. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी कंटाळून तो तसाच राहू दिला आणि ‘घराला वेड लागलंय’ असं पुटपुटत परिच्छेद पुरा केला.

आई न्हाणीघरात घसरून बसली होती. लागलं नाही, पण उठता येईना. भिंतीवरची घंटा ती दाबत होती. घंटा दाबली की माझ्या टेबलावरचा भोंगा वाजावा, अशी व्यवस्था भावोजींनी मागच्या सुट्टीत करून दिली आहे. भोंगा वाजला नाही. वाजण्याऐवजी गॅलरीतला दिवा लागत होता. म्हणजे आई मला हाका मारत होती आणि मी त्या हाका एकेक करून विझवत होतो.

पंचवीस मिनिटं.

संध्याकाळी ताईचा फोन. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि निर्णयांच्या बाबतीत साठ वर्षांनी. “महिनाअखेरच्या रविवारी आम्ही येतोय. तोवर ती घंटा दहापैकी दहा वेळा वाजली पाहिजे. नऊ नाही. नाहीतर आईला मी इकडे घेऊन येणार, ते परत पाठवायला नाही.”

“आईशी बोलू का?”

“मुळीच नको. उगाच घोर लागेल तिला. आपल्यातच ठेव.”

आपल्यातच ठेवलं. आपण म्हणजे ताई, भावोजी, ही आणि मी. आई सोडून सगळे.

५ तारीख, गुरुवार

भावोजींची शिकवणी, फोनवर. ते टेलिफोन खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. माझं संस्कृतचं एम. ए. त्यांना चेष्टेसाठी तीस वर्षं पुरलं आहे.

“शास्त्रीबुवा, कागद घ्या. घरातलं प्रत्येक उपकरण राउटरकडे पत्ता मागतं. आयपी ॲड्रेस. राउटर त्याला मोकळा असेल तो देतो. वीज जाऊन आली की सगळे पुन्हा रांगेत.”

“म्हणजे धर्मशाळा.”

“म्हणजे डीएचसीपी.”

“माझा शब्द बरा आहे.”

“असू द्या. घंटेला मी सांगून ठेवलंय, दाबलं की चौदा नंबरच्या पत्त्यावर जाऊन त्याला उठव. तेव्हा चौदात भोंगा राहत होता. आता कोण राहतं बघा.”

बघितलं. गॅलरीतला दिवा.

“झालं तर मग! प्रत्येकाला कायमचा पत्ता बांधून द्या. राउटरच्या पानावर तशी सोय आहे.”

माझी शंका अशी होती की भोंगा तोच, आवाज तोच, जागा तीच. मग निव्वळ आकडा बदलला म्हणून घंटेला तो ओळखू का येऊ नये? वस्त्र बदललं म्हणून माणूस बदलतो का? भावोजी म्हणाले, “आधी पत्ते बांधा, वेदान्त नंतर.”

लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं. अकरा रहिवासी. चौघांना नावं आहेत. उरलेले सात ‘अज्ञात’, ‘अज्ञात’, ‘अज्ञात’. घरातले निम्म्याहून अधिक अज्ञातवासात आहेत हे मला ठाऊक नव्हतं. कोण घंटा, कोण भोंगा, कोण गीझर, काही कळेना. डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात साडेचारला पानच नाहीसं झालं. फोनवरून घर नाहीसं झालं. कालही याच वेळी गल्लीची वीज गेली होती आणि मी खाली जाऊन तासभर आईपाशी बसलो होतो. आज गल्लीत वीज होती. फक्त आमचा राउटर बंद.

धावत खाली. राउटर आईच्या खोलीबाहेर, पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटावर असतो. आई पलंगावर बसलेली, मांडीवर काठी.

“आलास? बस.”

“आई, तो डबा बंद पडलाय.”

“दोन-तीन मिनिटं लागतात त्याला. मधला दिवा हिरवा झाला की येतं सगळं.”

अगदी तसंच झालं. एकतीस वर्षं टपालाची वर्गवारी केलेल्या बाईचं निरीक्षण! मी वर जायला निघालो, तर म्हणाली, “आलाच आहेस तर चहा टाक.” पाऊण तास गेला. टपाल खात्यातले एक गृहस्थ सगळ्यांची पोस्टकार्डं वाचत आणि चुका लाल शाईनं दुरुस्त करून पुढे पाठवत, ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली.

पडल्यापासून आई काठी घेते. खाली नवं काळं रबर बसवलंय. टेकलं की ठसा उमटतो. फरशी पुसताना ही कुरकुरते.

९ तारीख, सोमवार

बंद: ४.३२. पुन्हा चालू: ४.३६. मी वार्तापत्राच्या ऐन मध्यात. खाली जाणं भाग, कारण डबा बंद असताना आई उठली की बसली, हे फोनवर दिसत नाही.

लागल्यावर घंटा दाबून पाहिली. गीझर सुरू झाला. चौदात आता गीझर राहतो.

पॅसेजमधल्या भिंतीवर राउटरचं बटण आहे, त्याच्याशी बाटलीच्या बुचाएवढा काळा गोल डाग दिसला. ठिणगी उडत असावी. पुसला.

१० तारीख, मंगळवार

डबा दिवसभर चालू. दुपारी आईला डॉक्टरांकडे नेलं होतं, येताना बागेत बसलो. गुडघे बरे आहेत. कदाचित राउटरलाही विश्रांती हवी होती.

१२ तारीख, गुरुवार

४.३५. पुन्हा तेच. डागही परत आला आहे, तोच आकार. वायरमनला निरोप दिला.

आई म्हणाली, “तुला वर काही दिसत नाही ना रे, डबा बंद असला की?”

“काहीच नाही. तू आहेस की नाहीस हेही कळत नाही.”

“मग खाली येऊन बघावं लागत असेल.”

“तर काय! फार ताप आहे.”

“हो बाई,” आई म्हणाली. “ताप तर आहेच.”

१३ तारीख, शुक्रवार

वायरमन आले. बटण उघडलं, बंद केलं, वायर हलवून पाहिली. काळ्या डागावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग खोलीत डोकावले. आईची विचारपूस केली, काठीकडे पाहिलं.

“दुपारी घरात कोण असतं?”

“मी वर. खाली आई.”

“बरं.”

“ठिणगी आहे का?”

“ठिणगी नाही.” पेचकस खिशात टाकत ते म्हणाले, “वायरिंग उत्तम आहे. याला माझ्याकडे औषध नाही.” आणि जाताना आईला म्हणाले, “आजी, जपून हं. बटण जरा उंचावर आहे.”

बटण उंचावर असण्याचा आणि डबा बंद पडण्याचा संबंध मला लागला नाही. विचारलं असतं, पण माणूस दाराबाहेर पडलाही होता. कारागीर लोक फार त्रोटक बोलतात.

१४ तारीख, शनिवार

हिला सुट्टी. डबा चालू. तिघं खालीच होतो.

भाजी निवडता निवडता ही म्हणाली, “घर बंद पडलं की तू काय करतोस?”

“खाली येतो.”

“मग?”

“मग चहा. आई काहीतरी सांगत बसते. पाऊण तास मोडतो.”

“आणि बंद पडलं नाही तर?”

“तर यायचं कारण काय? फोनवर दिसतं की सगळं. ‘आईची खोली: हालचाल.’ ‘न्हाणीघर: दार बंद.’ मिनिटामिनिटाची खबर असते.”

“हं,” ही म्हणाली. पंधरा वर्षांपूर्वी या ‘हं’चा अर्थ मी विचारला असता. आता अनुभवानं शहाणा झालो आहे, विचारत नाही.

१६ तारीख, सोमवार

पंधरा दिवस उरले नाहीत, तेरा उरले. घंटेचं अजून काही जमलेलं नाही. ताई रोज एका शब्दाचा निरोप पाठवते: “वाजली?” मी रोज दोन शब्दांचं उत्तर पाठवतो: “प्रयत्न चालू.”

भावोजींनी उपाय सुचवला. एकेक उपकरण बंद करायचं, यादीतून कोण नाहीसं होतं ते पाहायचं, त्याच्या तळाशी छापलेली बारा अक्षरं उतरवायची. ती त्याची जन्मखूण, पत्ता कितीही बदलला तरी ती बदलत नाही. त्या जन्मखुणेला पत्ता बांधायचा. वार्तापत्र सकाळीच उरकून, लॅपटॉप मिटून, हे सामान घेऊन मी दुपारी आईच्या खोलीत बसलो. एकट्यानं होण्यासारखं नव्हतं.

आईनं चष्मा पुसला. “काय करायचं म्हणतोस?”

सांगितलं. धर्मशाळेपासून जन्मखुणेपर्यंत सगळं. मला स्वतःलाच पुरतं कळलेलं नसल्यामुळे सांगणं लांबलं.

“अरे, मग पेटी क्रमांक द्या म्हण ना सरळ!” आई म्हणाली. “आमच्याकडे नव्हत्या का टपालपेट्या? माणूस घर बदलो, गाव बदलो, पेटी क्रमांक बावीस म्हणजे त्याचाच. दुसऱ्याला द्यायचा नाही. वाटणारानं फक्त आकडा बघायचा.”

भावोजींनी चार फोनांत जे सांगितलं ते आईनं चार वाक्यांत सांगितलं. मी तसं म्हणालो. “त्यांचं खातं वेगळं होतं,” आई म्हणाली, “ते लोक तारा ओढायचे. पत्ते आम्हाला कळायचे.”

मग काय विचारता! आईनं कागदाच्या पट्ट्या कापल्या. मी भोंगा काढायचा, आई राउटरच्या यादीकडे बघायची. “गेला! वरून पाचवा गेला!” मी बारा अक्षरं वाचायची, ती टपाली वळणाच्या अक्षरात उतरवायची. आठ आणि बी मी दोनदा चुकलो, तिनं दोनदा पकडलं. घंटा पलंगाजवळची: वीस. घंटा न्हाणीघरातली: एकवीस. भोंगा: चौदा, तो त्याचा जुना, घंटेला पाठ असलेला पत्ता. दिवा चाळीस, गीझर एक्केचाळीस. “गीझरला लांब ठेव,” आई म्हणाली, “चुकूनमाकून शेजारी नको.”

असे तीन तास. मधे साडेचार कधी वाजले कळलंही नाही. डबा मुकाट चालू होता.

अकराही पत्ते राउटरच्या पानावर बांधले, ‘जतन करा’ दाबलं. आईनं घंटा दाबली.

कपडे धुण्याचं यंत्र सुरू झालं.

पुन्हा दाबली. यंत्र बंद. सगळं बरोबर लिहिलेलं, सगळं जतन केलेलं आणि तरी चौदात धोबी. आई हसायला लागली, इतकी की डोळ्यांना पदर लावला. मला हसू येईना. तेरा दिवस राहिले आणि तिला ते माहीतही नाही.

१९ तारीख, गुरुवार

४.३३ला बंद. आज मी खाली जाताना रागावलेलो होतो, हे लिहून ठेवतो. “कंटाळा आला या डब्याचा!” असं म्हणालोही. आई खिडकीबाहेर बघत होती.

मधला दिवा हिरवा झाल्यावर, सवयीनं, आशा नसताना, पलंगाजवळची घंटा दाबली.

वर भोंगा वाजला.

पुन्हा दाबली. भोंगा. न्हाणीघरातली दाबली. भोंगा! दहा वेळा दाबली, दहा वेळा वाजला. शेजारच्या बाई विचारायला आल्या, आग लागली का.

मी काहीही केलेलं नव्हतं. भावोजींना फोन लावला.

“रीस्टार्ट केलंत ना?” ते म्हणाले. “सांगायचं राहिलंच होतं. पत्ते बांधले तरी ज्याच्या हातात जुना पत्ता आहे तो तसाच बसून राहतो. राउटर एकदा बंद करून चालू केला की सगळे नव्यानं विचारतात.”

“मी नाही केला. तो आपोआप बंद पडला.”

“शास्त्रीबुवा, राउटर आपोआप बंद पडत नाही.”

“आमचा पडतो. आठवड्यातून दोनदा. साडेचारला.”

“घड्याळ लावून?” त्यांनी विचारलं.

“जवळजवळ.”

मागून ताईचा आवाज आला. तिनं फोन घेतला. “म्हणजे पत्ता बरोबर असला तरी डबाच बंद असेल तर घंटा वाजायची नाही. बरोबर? आणि आई नेमकी तेव्हा पडली तर? हे मला चालणार नाही.”

ताईचं म्हणणं बिनतोड आहे. तिचं नेहमीच असतं, तोच तिच्यात दोष आहे.

२० तारीख, शुक्रवार

आज न्यायशास्त्राला शरण गेलो. अन्वय आणि व्यतिरेक: कारण असेल तिथे कार्य असतं, कारण नसेल तिथे नसतं. ही वही समोर ठेवून मांडणी केली.

डबा बंद: पाच, नऊ, बारा, एकोणीस. चारही दिवस वार्तापत्राचे, सोमवार नाहीतर गुरुवार. चारही दिवशी साडेचारला मी वर लॅपटॉप उघडून बसलो होतो.

डबा चालू: दहा, चौदा, सोळा. पैकी सोळा हा वार्तापत्राचाच दिवस. पण तेव्हा लेख सकाळी झाला होता आणि साडेचारला लॅपटॉप मिटलेला होता. तिन्ही दिवशी त्या वेळी मी आईपाशी बसलो होतो, पण तो भाग इथे अप्रस्तुत आहे.

निष्कर्ष लख्ख आहे. माझा लॅपटॉप राउटरवर भार टाकतो.

हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, “इतकं शिकून?” आणि पोळ्या लाटायला गेली.

भावोजींना कळवलं. त्यांना खोकला झालेला दिसतो, मधेच बराच वेळ खोकत होते. मग म्हणाले, “लॅपटॉप केबलनं जोडून बघा. कपाटाच्या खालच्या खणात मी एक ठेवलीय. आखूड आहे.”

“कितपत?”

“आईंच्या खोलीपर्यंत पोचेल. पुढे नाही.”

२२ तारीख, रविवार

आज वाईट झालं.

ताईचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. बोटानं फोन उचलला तो मोठ्या आवाजावर गेला. ताई पहिल्या वाक्यालाच, “हे बघ, पुढच्या रविवारी मी गाडी घेऊनच येतेय. आईचे कपडे भरून ठेव, पण तिला आत्ता सांगू नकोस.”

आई दारात उभी होती.

फोन ठेवला. आई खुर्चीवर बसली, काठी दोन्ही हातांत. “कुठे न्यायचंय मला?”

सांगितलं. तीन तारखेपासून सगळं. घंटा, दहापैकी दहा, ताईची अट, आणि डबा बंद पडत राहिला तर काय होणार तेही.

“म्हणजे तो डबा बंद पडला म्हणून मी जायचं?”

“हो.”

आईनं काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाली, “एकतीस वर्षांत मी हजारो माणसांचे पत्ते बदलले. अर्ज असायचा. खाली सही असायची, ज्याचा पत्ता त्याची. सही नसेल तर कागद परत. मला कुणी विचारलंत?”

“तुला घोर लागला असता.”

“आणि न सांगता काय लागलं?” तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. “पंचवीस मिनिटं मी फरशीवर होते, तेव्हा घोर नाही लागला मला. वाटत होतं, वर आहे, येईल. आता मात्र लागलाय.”

मी पीठ लागलेल्या हातांनी तसाच उभा. सुभाषितं पुष्कळ आठवली. एकही कामाचं नव्हतं.

शेवटी ती उठली. पॅसेजमध्ये गेली, राउटरपुढे उभी राहिली. काठी उचलून दुसऱ्या हातात घेतली.

“आता बंद पडायचा नाही हा,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“मी सांगते म्हणून.”

श्रद्धा हे प्रमाण नव्हे, असं मी बोलणार होतो. बोललो नाही.

२३ तारीख, सोमवार

केबल सापडली. खरोखरच आखूड. राउटरपासून ओढत नेली तर आईच्या खिडकीपर्यंत पोचते, आणि तिथे ताणून बसते. टेबल वरून खाली आणण्यावाचून गत्यंतर नाही. वायरमन आणि मी मिळून उतरवलं. टेबलासोबत भोंगाही आला, कारण तो टेबलावरच राहतो.

“माझ्या खोलीत?” आई म्हणाली. “तुझं लिहिणं व्हायचं नाही. मी बडबडते.”

“तांत्रिक गरज आहे, आई. इलाज नाही.”

“मग राहिलं,” ती म्हणाली आणि खिडकीच्या कडेवरची औषधं उचलून मला जागा करून दिली.

साडेचार वाजले. डबा चालू. पावणेपाच. चालू. वार्तापत्राला उशीर झाला, कारण लाल शाईवाल्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते समजून घेणं भाग होतं. (साहेबांच्या मुलीचं पत्र दुरुस्त केलं. बदली झाली.)

२६ तारीख, गुरुवार

बंद: काही नाही. डागही नाही.

आई दुपारी झोपली होती. फोनवर लिहून येत होतं, ‘आईची खोली: हालचाल नाही.’ मान वर केली तर समोरच होती. झोपेत ओठ हलतात तिचे, आकडे मोजल्यासारखे. हे फोनवर दिसत नाही.

२९ तारीख, रविवार

ताई आणि भावोजी अकराला आले. ताईच्या हातात रिकामी मोठी बॅग होती. ती तिनं आईच्या पलंगाशी ठेवली. आईनं बॅगेकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, “पाणी घे आधी,” एवढंच म्हणाली.

परीक्षा सुरू झाली. ताई स्वतः न्हाणीघरात गेली. आतून घंटा, बाहेर भोंगा. एक, दोन, तीन. भावोजी मोजत होते. मी तळहात पुसत होतो. सात. आठ. नऊ. मग थांबलं. दहावी वाजेना. मी घाबरून पॅसेजमध्ये गेलो. राउटरचा दिवा हिरवाच. न्हाणीघराचं दार उघडं होतं. आई जिथे घसरली होती तिथे, त्या फरशीवर ताई बसली होती, पाठ भिंतीला लावून.

“इथून हात नीट पोचतही नाही घंटेपर्यंत,” ती म्हणाली. तिचे डोळे भरलेले. “पंचवीस मिनिटं, अरे.”

मागून आई आली, काठी टेकत. “मी पोचवला होता,” ती म्हणाली. “वाजवली होती. उत्तर आलं नाही एवढंच. ऊठ, पाठ धरेल.”

ताईनं बसल्या बसल्या हात ताणून दहावी दाबली. भोंगा वाजला.

मग घंटा हातभर खाली बसवायचं ठरलं. ते भावोजींनी लगेच केलंही. ताई बाहेर येऊन टेबलाकडे बघत राहिली. “भोंगा इथे? आईच्या पलंगापासून तीन हातांवर? आणि तू इथेच लिहीत बसतोस?”

“केबल आखूड आहे,” मी म्हणालो.

“मग आईनं घंटा दाबायची कशाला? नुसतं ‘अरे’ म्हटलं तरी पुरे.”

“दाबते मी कधीमधी,” आई म्हणाली. “कामाच्या नादात असला की.”

भावोजी पॅसेजमध्ये राउटरच्या बटणापाशी उभे होते. काठी दाराला टेकवून ठेवली होती. तिचं रबर त्यांनी बटणाजवळ नेऊन, उंची जुळवल्यासारखं करून पाहिलं. मी विचारलं, काही दोष दिसतो का? ते म्हणाले, “दोष होता. गेला वाटतं.” पुन्हा तो खोकला. औषध घ्यायला हवं त्यांनी.

जेवणं झाल्यावर ताईनं बॅग उचलली. आई म्हणाली, “त्यात काय भरायचं ते मी सांगेन. महिनाभर तुझ्याकडे यायचं झालं तर अर्ज मी करीन. सही माझी.”

“बरं बाई,” ताई म्हणाली. “सही तुझी.” आणि रिकामी बॅग रिकामीच घेऊन गाडीत बसली.

३० तारीख, सोमवार

समारोप करायला हवा, म्हणजे वही भावोजींना दाखवता येईल.

पत्ते बांधले, केबल लावली, आणि डबा बंद पडायचा थांबला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला असा हा योग नव्हे; इथे कारण आणि कार्य डोळ्यांपुढे आहे. आईनं ‘आता बंद पडायचा नाही’ म्हटलं आणि त्यानंतर तो पडला नाही, हा मात्र शुद्ध काकतालीय न्याय. तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, “असेल बाबा.”

तेव्हा टेबल वर न्यायला आता हरकत नसावी. फक्त लांब केबल हवी. वायरमन गल्लीतच काम करत होते, त्यांना बोलावलं. त्यांनी जिन्यापर्यंत माप घेतलं. आई डोळे मिटून पडली होती. वायरमननी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा काठीकडे.

“एवढी लांब येत नाही,” ते म्हणाले.

“येत नाही? एवढ्या मोठमोठ्या कचेऱ्यांत लावतात ती?”

“ती वेगळी. घरगुतीत हीच सगळ्यात लांब.”

आश्चर्य आहे. पण ज्याचं खातं त्याला ठाऊक. टेबल इथेच राहील.

चार पस्तीस. मधला दिवा हिरवा.

“काय लिहितोयस?” आई विचारते आहे. डोळे मिटलेलेच.

“आज काही बंद पडलं नाही, असं.”

“मग त्यात लिहायचं काय? ठेव ती वही. चहा टाक.”